सुभेदारकाकांच्या वसईत

शुक्रवार

मी आणि बायको साताऱ्याहून सकाळी निघालो आणि दुपारी ठाण्यात अडकलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. घोडबंदर रोड ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी सुखात राहावं. भाईंदरला पोचून गाडी रो-रो बोटीवर चढवली आणि सगळा वैताग खाडीत बुडाला. बगळे, कोळ्यांच्या होड्या, डावीकडे लांबवर उघडा समुद्र, आणि पंधरा-वीस मिनिटांत समोर वसईच्या किल्ल्याची तटबंदी.

जेट्टीवर काका उभे होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पायात पॉलिश केलेले काळे बूट. वय बहात्तर. मी काच खाली केली तर नमस्कार-चमत्कार काही नाही. "गाडी डावीकडे घे, मागे टेम्पो आहे" एवढंच. आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, आठवण आली. अण्णांचंही असंच असायचं.

काका आणि अण्णा 1971 साली खडकीला एकाच वेळी भरती झाले. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे सैन्याचे इंजिनिअर: पूल बांधणारे, रस्ते करणारे, सुरुंग काढणारे. अण्णा मराठा, काका वसईचे कॅथलिक. रविवारी मंदिर परेडला सगळे जायचे, त्यात काकाही असत. 'सुखकर्ता दुःखहर्ता' त्यांना आजही सगळी कडवी पाठ आहे. उलट नाताळच्या मध्यरात्री अण्णा त्यांच्याबरोबर खडकीच्या सेंट इग्नेशियस चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर झोपायचे. काका 1998 साली सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा धर्मप्रांत झाला तोही त्याच वर्षी. तेव्हापासून ते गावच्या चर्चच्या कामात आहेत. गावाचं नाव आणि आपलं नाव लिहायचं नाही, अशी तंबी त्यांनी निघताना दिली, म्हणून लिहीत नाही.

उजेड होता तोवर किल्ल्यात फिरलो. 1534 ते 1739 इथे पोर्तुगीज होते, मग चिमाजी अप्पांनी तो जिंकला. आत छप्पर नसलेली चर्च उभी आहेत आणि त्यांच्या जमिनीत कोरीव अक्षरांच्या थडग्याच्या शिळा आहेत. भिंतींतून पिंपळ उगवलेत. प्री-वेडिंगचं शूटिंग करणारी दोन जोडपी एकाच कमानीसाठी रांगेत होती. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या आज देवळांत वाजतात. आमच्या वाईजवळच्या मेणवलीची मोठी घंटा त्यातलीच. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "वाजते ना अजून? मग झालं."

गोन्सालो गार्सियाबद्दल मात्र ते भरभरून बोलले. वसईत जन्मलेला हा माणूस जपानला गेला, तिथली भाषा शिकला, फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारला गेला. 1862 साली त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला संत. "फादर नव्हता हां तो," काका बोट वर करून म्हणाले. "ब्रदर होता. दुभाष्याचं काम करायचा. प्रवचन दुसऱ्याचं, हा नुसता समजावून सांगणार." त्यांना तो इतका का आवडतो ते पुढच्या दिवसांत कळत गेलं.

(जाणाऱ्यांसाठी: किल्ला मोठा आहे, दोन-तीन तास हाताशी ठेवा. पाणी बरोबर घ्या. संध्याकाळी डास फार, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. लोकलने आलात तर वसई रोड स्टेशनवर उतरा, पश्चिमेला बस आणि रिक्षा मिळतात.)

शनिवार

पहाटे गारवा होता. साताऱ्याच्या माणसाला ती थंडी वाटणार नाही, पण काकू स्वेटर घालून अंगणात होत्या. घरामागे वाडी आहे: राजेळी आणि वेलची केळी, थोडा सोनचाफा, पलीकडे एका भावकीचा विड्याच्या पानांचा मांडव. वाडीच्या कडेला बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं तळं. त्यावर धुकं उतरलं होतं आणि एक खंड्या वाकलेल्या माडावर बसला होता. वसईच्या गोड्या विहिरी या बावखलांवर जगतात. काकांच्या लहानपणी विहिरीवर रहाट होता. आता मोटर आहे, आणि कुंपणापलीकडे सात मजली इमारत. बावखलं बुजवून घरं उठली की विहिरी खाऱ्या होतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी लढा दिला तो याच पाण्यासाठी आणि झाडांसाठी. बाहेरचे लोक त्यांना साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतात, इथले लोक मोर्च्यामुळे ओळखतात. जुलै 2024 मध्ये ते गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिला नाताळ, असं त्या दिवसांत बरेच जण बोलता बोलता म्हणाले.

न्याहारीला तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी. मग काका म्हणाले, "चल, फटिगला." फटिग म्हणजे फौजेतलं अंगमेहनतीचं काम. चर्चच्या आवारात तरुण पोरं नाताळचा गोठा उभा करत होती. बाळ येशू जन्मला तो गोठा. वसईत गावोगाव याच्या स्पर्धा असतात आणि त्या सगळे फार मनावर घेतात. पोरांनी बांबूचा सांगाडा सुतळीने कसाबसा बांधला होता. काकांनी एका बांबूला हात लावून हलवला. सगळा सांगाडा हलला.

"हा पूल असता तर आपण आत्ता नदीत असतो," ते म्हणाले, आणि सुतळी सोडून काथ्याचा दोर मागवला. पुढचा दीड तास गाठी मारण्याचं शिक्षण झालं. आधी उभ्या बांबूला फास, मग चौकटीत तीन फेरे, मग दोन बांबूंच्या मधून आवळ, मग शेवटची गाठ. मी दोन केल्या, त्यातली एक पास झाली. कॉलेजातली एक मुलगी मात्र इतक्या झटक्यात शिकली की काकांनी तिला तिथल्या तिथे "नाईक" करून टाकलं आणि बाकीच्यांची जबाबदारी तिच्यावर सोपवली. मग ते स्वतः खुर्च्या मोजायला गेले. मला आधी वाटलं होतं, सुभेदार आहेत म्हणजे सगळ्यांना ओरडत असतील. तसं नाही. काम लावून देतात आणि निघून जातात.

दुपारी चर्चच्या कार्यालयाबाहेर एक टेबल आणि दोन खुर्च्या. इथे ते पेन्शनचं काम बघतात. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि काही जणांचा राहून जातोच. लष्कराच्या पेन्शनीचं काम आता 'स्पर्श' नावाच्या पोर्टलवर चालतं, आणि ऐंशीच्या घरातल्या विधवेला ते कसं जमणार? काकांकडे मोबाईल, बोटाचा ठसा घेणारं छोटं यंत्र आणि एक जाड वही. आलेल्यांमध्ये फौजवाले कमीच होते. एक निवृत्त शिक्षिका, एक बेस्टचा कंडक्टर, आणि शेजारच्या चाळीतल्या एक मुसलमान बाई. त्यांच्या बोटांचे ठसे भांडी घासून पुसट झाले होते. काकांनी बोटांना खोबरेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं, आणि पाचव्या का सहाव्या वेळी हिरवी खूण आली. बाई हसल्या. काकांनी वहीत टिकमार्क केला आणि म्हणाले, "नेक्स्ट."

संध्याकाळी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची बैठक होती. ही संस्था 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झाली, आणि आता जगभरच्या चर्चमध्ये तिच्या शाखा आहेत. गरजू घरांना भेटी द्यायच्या, त्याही दोघादोघांनी. मला आत बसायला मिळालं नाही. कोणाच्या घरी जातात, काय देतात हे बाहेर सांगत नाहीत. काकूंनी एवढंच सांगितलं की बैठकीत एक पिशवी फिरते, प्रत्येकाने मूठ आत घालायची, पैसे टाकले किती हे शेजारच्यालाही कळत नाही. "बावीस वर्षं जातात. माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत," असं म्हणताना त्यांच्या आवाजात तक्रार होती की अभिमान, ते मला ठरवता आलं नाही.

रात्री कॅन्टीनची रम, एकच पेग. हॉलमध्ये येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्या शेजारी रामा राघोबा राणे यांचा फोटो. 1948 साली नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना पुढे नेणारे सॅपर, परमवीर चक्राचे मानकरी. आम्ही युद्धाच्या गोष्टीची वाट पाहत होतो. काका म्हणाले, "1971 ला ढाका पडलं तेव्हा तुझा बाप आणि मी खडकीत बटाटे सोलत होतो." युद्ध संपल्यावर मात्र पंजाबच्या सीमेवर शेतांतले सुरुंग काढायला पाठवलं. पालथं पडून, तिरकी सळई हळूहळू मातीत खुपसत, वीतभर वीतभर. मागे शेतकरी नांगर घेऊन बसलेला, कधी होतंय म्हणून. "त्याने नंतर गहू पेरला," काका म्हणाले. "आम्हाला कोण कशाला लक्षात ठेवेल?" हे ते दुःखाने म्हणाले नाहीत, हे मुद्दाम सांगतो.

रविवार

पहिली मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सकाळी साडेसहाची. आगमनकाळातला, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतला, तिसरा रविवार. या काळात धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, या एका रविवारी गुलाबी. वेदीजवळ हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या, त्यातली तिसरी, गुलाबी, आज पेटली. काही म्हाताऱ्या लाल चौकड्यांच्या लुगड्यात होत्या, नाती जीन्समध्ये. संपूर्ण मिस्सा मराठीत. काका लहानपणी वेदीसेवक, म्हणजे मिस्सेत फादरांचे मदतनीस, होते तेव्हा ती लॅटिनमध्ये असायची, अर्थ न कळता सगळं पाठ. साठच्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर ते बदललं. गाण्यांना पेटी-तबला होता, आणि एका गीताची चाल तर चक्क ओवीच्या वळणाची.

काका पुढे बसत नाहीत. मागच्या दाराशी उभे असतात. त्यांचं तिथलं काम मला पाहता पाहता समजलं. वसईत आता झारखंडहून, केरळातून, तमिळनाडूतून आलेली कुटुंबं खूप. ती दाराशी घुटमळतात. काका त्यांना हाताने खुणावतात, बाकावरच्या गावकऱ्याला खांद्याला स्पर्श करून सरकायला लावतात आणि जागा करून देतात. तीन मुलं घेऊन आलेल्या एका आदिवासी जोडप्याला त्यांनी पार तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं.

दुसरं वाचन त्यांचं होतं, बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं: "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा." परेड ग्राउंडवरचा आवाज असूनही त्यांनी ते इतकं हळू वाचलं की माईक होता हे बरं. मग फादरांनी शुभवर्तमान वाचलं, लूकचं. लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? जकातदार विचारतात. शेवटी शिपाई विचारतात. योहान त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. कोणाला लुबाडू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका, आणि पगारात समाधानी राहा, एवढंच सांगतो. मी मागे वळून पाहिलं. काकांचा चेहरा सावधान.

नंतर बाहेर आल्यावर त्यावर विचारलंच. "बरोबर बोलला योहान," काका म्हणाले. "पण पेन्शनीबद्दल काही बोलला नाही."

(चर्चमध्ये जाणाऱ्या इतरधर्मीयांसाठी: कोणी अडवत नाही, बसा. लोक उठतील तेव्हा उठा. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायला रांग लागते, ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. आपण जागेवर बसून राहावं. फोटो मिस्सा संपल्यावर आणि विचारून.)

मिस्सेनंतर काका ख्रिस्तप्रसाद घेऊन आजाऱ्यांच्या घरी जातात. फादर एकटे किती ठिकाणी पोचणार, म्हणून असे सेवक नेमलेले असतात. छातीशी छोटी गोल डबी, फोन बंद. "वाटेत बोलायचं नाही," त्यांनी आधीच बजावलं. मी मागे चालत राहिलो. एरवी या रस्त्यावर दर दहा पावलांवर कोणीतरी "काय सुभेदार" म्हणून थांबवतं. आता लोक बाजूला होत होते, कोणी क्रूसाची खूण करत होतं. एक रिक्षावाला हॉर्न न वाजवता आमच्या मागे चालीच्या वेगाने येत राहिला.

पहिल्या घरी पक्षाघात झालेले गृहस्थ, दुसऱ्या घरी नव्वदीच्या आजी. आजींनी प्रार्थना झाल्यावर काकांना कर्ज किती फिटलं असं विचारलं. त्या त्यांना त्यांचे वडील समजत होत्या. "फिटलं सगळं," काका म्हणाले. तिसऱ्या घरी मी बाहेरच थांबलो. आत रडण्याचा आवाज आला आणि बराच वेळ काका बाहेर आले नाहीत. आल्यावर काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

परतताना डबी रिकामी होती, त्यामुळे बोलायला मोकळीक. तेव्हा त्यांनी स्वतःहून जाफन्याचा विषय काढला. 1987 ला शांतिसेनेबरोबर ते श्रीलंकेत होते. तिथे तमिळ कॅथलिकांची वस्ती मोठी. "रविवारी देवळात जायचो, युनिफॉर्ममध्ये. मी बाकावर बसलो की बाक रिकामा व्हायचा. मिस्सा तमिळमध्ये, पण कुठे उठायचं, कुठे गुडघे टेकायचे ते मला माहीत. शांतीचा नमस्कार आला की हात जोडायचे, तर समोरचा बघायचाच नाही. बरोबर होतं त्याचं. घराघरात माणसं मेलेली. एकदा एका म्हाताऱ्याने जोडले हात. एकदाच." इथे 'देवळात' म्हणजे चर्चमध्ये, जुने वसईकर असंच म्हणतात. मग ते गप्प झाले, आणि लगेच एका नळाची गळती दिसली म्हणून तिकडे वळले.

जेवणाला इंदेल आणि फुगे. इंदेल म्हणजे व्हिनेगर आणि लाल मिरचीच्या वाटणातलं मांस, काकूंनी आदल्या दिवशी शिजवून मुरवलेलं. फुगे म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे, तळल्यावर टम्म होणारे गोळे. पीठ ओल्या मुठीत घेऊन अंगठ्या-तर्जनीमधून तेलात सोडायचं. बायकोने प्रयत्न केला, तिचे बेडकाच्या पिल्लांसारखे शेपटीवाले झाले. काकूंनी ते वेगळ्या ताटलीत ठेवले आणि सगळ्यात आधी तेच संपले. पोर्क न खाणाऱ्यांसाठी कोंबडीचंही इंदेल होतं. अण्णा कोणतं खायचे हे काकूंनी सांगितलं. ते घरी आईला अजून माहीत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

सोमवार

16 डिसेंबर, विजय दिवस. काकांनी ब्लेझरला पदकं लावली. तालुक्यातले माजी सैनिक सकाळी जमले, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, चहा-वडा झाला. भाषण एकच, ते लांबलं. काका मधूनच सटकले, कारण त्यांना एका साथीदाराच्या विधवेकडे जायचं होतं. ती हिंदू, घर नायगावच्या बाजूला. तिच्यासाठी चाफ्याची फुलं आणि नातवाच्या शाळेचा फॉर्म घेऊन गेले. फॉर्म भरून झाल्यावर पदकं काढून खिशात टाकली.

दुपारी आम्ही दोघं पाचूबंदरला गेलो. कोळीवाडा, बांबूच्या परातींवर आणि दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, वास दांडगा, माणसं मोकळी. घरांच्या दाराशी क्रूस आणि आकाशकंदिलांसारखे तारे. एका कोळणीने अर्धा किलो सुका जवळा दिला आणि पाव किलो वर टाकला. तिथून आगाशीला जाऊन सुकेळी घेतली, राजेळी केळ्यांची. ती घ्याच. बाजारात मिळणाऱ्या चिप्सशी त्यांची काही तुलना नाही. उन्हात वाळवलेली मऊ बघून घ्या, आणि प्रवासात कोरड्या डब्यात ठेवा.

रात्री निघायच्या आधी शेवटचा कार्यक्रम बसचा. जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी होणारं संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाचं प्रदर्शन 21 नोव्हेंबरला सुरू झालं होतं, 5 जानेवारीपर्यंत चालणार होतं. वसईतून बसमागून बस जात होत्या. या बसची यादी काकांकडे. चर्चसमोर अंधारात पिशव्या, उशा, डबे, रडणारी पोरं. काकांनी बॅटरी पेटवली आणि हजेरी सुरू केली. एका आजीने नाव पुकारल्यावर खणखणीत "हाजर साहेब!" म्हटलं तसं सगळ्यांनी तेच धरलं.

यादीत एकोणपन्नास. बसमध्ये पन्नास. पुन्हा मोजले, पन्नास. काकांचा चेहरा पहिल्यांदाच चिंतेत दिसला. कमी माणूस त्यांनी आयुष्यभर शोधला असेल, जास्तीचा माणूस नवीन होता. शेवटी मागच्या सीटवर शाल पांघरून झोपलेले एक गृहस्थ सापडले. ते शेजारच्या गावचे निघाले. त्यांची बस अर्ध्या तासापूर्वी त्यांच्याशिवाय सुटली होती आणि तिकडचा आयोजक एकोणपन्नास-पन्नासच्या हिशोबात त्यांना फोनवर फोन करत होता. फोन त्यांच्या बॅगेत, बॅग दुसऱ्या बसमध्ये. काकांनी तिकडे कळवलं, चर्चमधून एक प्लास्टिकचं स्टूल आणलं, त्याचे पाय काथ्याने सीटच्या दांड्याला बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.